दहा बाय बाराच्या खोलीत ध्वनिमुद्रण: फोम घेण्याआधी खोली कशी तपासावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळच्या सदनिकेतील १० बाय १२ फुटांच्या खोलीत तुम्ही ऑडिओबुकचे वाचन ध्वनिमुद्रित करता, तिथेच वडील काळी एकमध्ये अभंग गातात आणि धाकटा भाऊ तबला वाजवतो. एक इंची फोम चारही भिंतींवर लावल्यापासून वाचन डब्यातून आल्यासारखे वाटते, वडिलांचा षड्ज पूर्वीसारखाच घुमतो आणि वाक्यांच्या मधल्या शांततेत बारीक गुणगुण ऐकू येते. खोली तपासण्यासाठी मोबाइलवर कोणते ॲप घ्यावे आणि आणखी किती फोम लावावा, हे तुम्हाला हवे आहे.

तुमच्या तिन्ही तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत. गुणगुण हा पार्श्वआवाजाचा प्रश्न आहे, डब्यासारखा आवाज हा निनादाचा, म्हणजे खोलीत रेंगाळणाऱ्या आवाजाचा, असमतोल आहे आणि घुमणारा षड्ज हा खोलीच्या लांबी-रुंदी-उंचीचा परिणाम आहे. फोम यांपैकी फक्त दुसऱ्या तक्रारीला हात घालतो, आणि तोही अर्धवट. त्यामुळे एक ॲप उघडून एक आकडा वाचल्याने काहीही निष्पन्न होणार नाही. तिन्ही गोष्टी स्वतंत्रपणे आणि याच क्रमाने तपासाव्या लागतात, कारण पार्श्वआवाज जास्त असलेल्या खोलीत निनादाची मोजणीच चुकते. माझा आग्रह असा आहे की तपासणीचा पहिला उपयोग माइक कुठे ठेवायचा आणि गाणाऱ्याने कुठे बसायचे हे ठरवण्यासाठी करावा, साहित्याचा विचार त्यानंतर करावा. जागा दोन फुटांनी बदलल्यावर जो फरक पडतो तो पुष्कळदा महागड्या पॅनेलनेही पडत नाही.

गुणगुणीपासून सुरुवात करा. नेहमीच्या अंतरावरून नेहमीच्या आवाजात वाचताना मीटरवरची शिखरे उणे ६ डेसिबलच्या आसपास (शून्य ही कमाल मर्यादा) येतील इतका गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवण्याची पातळी, ठेवा. मग गेनला हात न लावता, सर्वांनी खोलीबाहेर जाऊन, एक मिनिट शांतता ध्वनिमुद्रित करा आणि ऑडॅसिटी किंवा रीपर या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या तुकड्याची आरएमएस, म्हणजे सरासरी, पातळी पाहा. ऑडिओबुकच्या क्षेत्रात एसीएक्सच्या (ऑडिबलच्या ऑडिओबुक-निर्मिती मंचाच्या) अटी बहुतेकांना ठाऊक असतात: वाचनाची आरएमएस पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबल, शिखरे उणे ३ च्या खाली आणि शांतता उणे ६० च्या खाली. याचा व्यवहारातला अर्थ असा की वाचन आणि शांतता यांच्यात साधारण ४० डेसिबलचे अंतर असायला हवे. ते मिळत नसेल तर निनादाची चिंता तूर्त बाजूला ठेवा.

पुढचा प्रश्न हा आवाज हवेतून येतो की विजेच्या तारेतून, हा आहे. माइक जाड गोधडीत नीट गुंडाळा, कपड्यांच्या कपाटात ठेवून दार लावा आणि त्याच गेनवर पुन्हा मिनिटभर ध्वनिमुद्रण करा. गुणगुण तेवढीच राहिली तर ती खोलीतली नाही. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवल्यावर ती थांबली, तर वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. अशी गुणगुण वर्णपटात, म्हणजे कोणती वारंवारता किती जोरात आहे ते दाखवणाऱ्या आलेखात, ५० हर्ट्झवर आणि त्याच्या पटींत सरळ उभ्या रेघांसारखी दिसते, आणि जगातला कोणताही फोम तिला कमी करू शकत नाही.

गोधडीत गुणगुण नाहीशी झाली तर मात्र छताकडे पाहा. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पंखा बंद करून तासभर वाचन करणे शक्य नसते, म्हणून पंख्याची तपासणी टाळता येत नाही. नेहमीचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेच्या प्रत्येक लहरीचा काही भाग कापून पंख्याचा वेग कमी करतो. त्या कापलेल्या लहरीमुळे दोनवर किंवा तीनवर मोटर १०० हर्ट्झला आणि त्याच्या पटींत गुणगुणते. पूर्ण वेगावर ही गुणगुण जवळजवळ जाते, पण तिच्या जागी पात्यांच्या वाऱ्याचा आवाज येतो. रेग्युलेटरच्या प्रत्येक टप्प्यावर वीस-वीस सेकंद ध्वनिमुद्रण करून वर्णपट शेजारीशेजारी ठेवा, म्हणजे कोणत्या टप्प्यावर १००, २०० आणि ३०० हर्ट्झच्या रेघा वर येतात ते स्वच्छ दिसेल. कपॅसिटरवर चालणारा टप्प्यांचा रेग्युलेटर बसवला की ही गुणगुण फारच कमी होते. फोमच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे, आणि तुमच्या वर्णनावरून तुमच्या तक्रारीचे मूळ इथेच असावे असे मला वाटते.

बाहेरच्या आवाजाबद्दल एक साधा हिशेब मांडतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. सरकती ॲल्युमिनियमची खिडकी बंद असली तरी ढोबळमानाने २० डेसिबलच अडवते, म्हणजे बाहेर नियमाप्रमाणे ५५ असले तरी खोलीत ३५ उरतात. निवांत वाचनाला २५ च्या आसपासची पातळी हवी. तुम्ही मुंबई-आग्रा महामार्ग आणि अंबडची औद्योगिक वसाहत यांच्या जवळ आहात, त्यामुळे अवजड वाहनांची घरघर दिवसभर राहणारच. शांततेचे ध्वनिमुद्रण एकदाच न करता पहाटे, दुपारी आणि रात्री अकरानंतर असे वेगवेगळ्या वेळी करा, म्हणजे वाचनाची वेळ अंदाजाने न ठरवता पुराव्याने ठरवता येईल. नाशिकच्या प्रत्येक भागाचे आवाज निराळे आहेत. देवळालीकडे तोफांच्या सरावाचा दबका दणका असतो, मखमलाबादकडे द्राक्षबागांतील फवारणीच्या ब्लोअरची घरघर असते आणि गणेशोत्सवाच्या आधीचे काही आठवडे शहरभर ढोलपथकांचा सराव चालतो. ढोलाचा खालचा आवाज खिडकीला रबर लावून थांबत नाही, त्या काळात वेळापत्रक बदलणे हाच मार्ग आहे. वाचनाच्या ध्वनिमुद्रणात ८० हर्ट्झच्या खालचे सर्व काही फिल्टरने काढून टाकले तर वाहनांच्या घरघरीचा बराच भाग जातो आणि मानवी आवाजाचे नुकसान होत नाही.

खिडकी आणि दार कुठे गळतात हे शोधायला उदबत्ती पुरते. आधी तिथला फोम उतरवा, मग पंखा बंद करून पेटती उदबत्ती चौकटीच्या कडेने, सरकत्या झडपांच्या सांध्यावरून आणि दाराच्या खालच्या फटीजवळून सावकाश फिरवा. जिथे धूर ओढला जातो किंवा थरथरतो तिथून हवा जाते, आणि जिथून हवा जाते तिथून आवाजही येतो. भिंतीवर लावलेल्या फोमचा या गळतीशी काहीही संबंध नाही. आवाज अडवण्याचे काम वजन करते आणि बंद फटी करतात, भिंतीचे वजन दुप्पट केले तर सुमारे ६ डेसिबलची भर पडते. फोम हलका आणि सच्छिद्र असल्यामुळे आवाज त्याच्या आरपार जातो. अंड्यांच्या ट्रेबद्दलही हेच म्हणावे लागेल.

आता निनादाकडे वळू. पहिली तपासणी टाळीची. माइकच्या जागी कान राहील असे उभे राहा आणि दुसऱ्या कोणाला तरी वाचकाच्या जागेवरून एक कोरडी, जोरकस टाळी वाजवायला सांगा. टाळीनंतर ‘टर्र’ असा धातूसारखा शेपटा ऐकू आला तर दोन उघड्या समांतर भिंतींमध्ये आवाज मागेपुढे आपटतो आहे. दहा फुटांच्या अंतरात तो एकदा जाऊन परत यायला सुमारे १८ मिलिसेकंद घेतो. टाळीत खालच्या वारंवारता जवळजवळ नसतात, त्यामुळे टाळी चांगली वाटली म्हणून खोली चांगली असा निष्कर्ष काढू नका. फोम लावलेल्या खोल्यांची फसगत नेमकी इथेच होते. टाळीचा शेपटा जातो, मालक समाधानी होतो आणि आवाज मात्र बिघडलेला राहतो.

म्हणून दुसरी तपासणी प्रत्यक्ष आवाजाची करा. एकच परिच्छेद निवडा, ज्यात ‘प’, ‘भ’, ‘स’, ‘श’ भरपूर असतील. तो एका वितीच्या अंतरावरून वाचा, आणि मग गेन वाढवून तीन फुटांवरून वाचा. तीन फुटांवर खोली आपले सगळे दोष मोठे करून दाखवते. त्यानंतर त्या ध्वनिमुद्रणावर कंप्रेसर (मोठ्या आणि लहान आवाजांतले अंतर कमी करणारे साधन) जरा जास्तच लावा, म्हणजे वाक्य संपल्यानंतरचा निनाद वर उचलला जातो आणि हेडफोनवर स्पष्ट ऐकू येतो. हाच परिच्छेद खोलीच्या मध्यावर, कपाटाकडे तोंड करून, कपाटाकडे पाठ करून आणि पलंगाच्या बाजूला वाचा. फाइलींना नावे न देता नुसते क्रमांक द्या, एक दिवस जाऊ द्या आणि घरातल्या दुसऱ्या कोणाकडून त्या उलटसुलट क्रमाने वाजवून घ्या. जागा ठाऊक असताना कान पक्षपात करतात, हे टाळण्याचा याहून सोपा उपाय नाही.

या तपासणीत बहुतेकांना एक गोष्ट अनपेक्षितपणे लक्षात येते. हृदयाकृती झेलक्षेत्राचा (कार्डिऑइड) माइक आपल्या पाठीमागचे फारसे ऐकत नाही, तो वाचकाकडे आणि वाचकाच्या पाठीमागच्या भिंतीकडे पाहत असतो. म्हणून शोषक साहित्याची खरी जागा वाचकाच्या पाठीमागे आहे. माइकच्या मागे लावायचे अर्धगोल पडदे विकत मिळतात, पण ते लावूनही वाचकामागची उघडी भिंत तशीच राहिली तर फार काही साधत नाही. तुम्ही उघड्या कपाटासमोर, कपड्यांकडे पाठ करून वाचलेत तर फरक पहिल्याच टेकला कळेल.

डब्यासारखा आवाज का झाला, हेही इथेच सांगतो. सच्छिद्र साहित्य एखादी वारंवारता पुरती शोषून घ्यायची असेल तर त्याची जाडी तिच्या तरंगलांबीच्या चौथ्या भागाजवळ असावी लागते. एक इंच जाडी हा सुमारे ३४०० हर्ट्झच्या तरंगलांबीचा चौथा भाग होतो. त्याच्या खाली फोमची ताकद झपाट्याने कमी होते आणि ५०० हर्ट्झच्या खाली तो जवळजवळ नसल्यासारखाच असतो. चारही भिंतींवर तो लावल्यामुळे तुमच्या आवाजातली चमक आणि श्वासाचा स्पष्टपणा गेला, पण १५० ते ५०० हर्ट्झमधला निनाद पूर्वीइतकाच राहिला. आधी वरचा निनाद खालच्याला झाकत होता, आता खालचा उघडा पडला आहे. आणखी फोम लावला तर हा असमतोल वाढेल.

आकड्यांची तपासणी करायची असेल तर संगणकावर रूम ईक्यू विझार्ड हे जॉन मुल्काही यांनी तयार केलेले मोफत सॉफ्टवेअर वापरा. त्याच्या तोडीचे काम करणारे मोबाइल ॲप मी सुचवणार नाही, कारण फोनचा माइक खालच्या वारंवारता कमी दाखवतो आणि कित्येक फोन आवाजाची पातळी स्वतःहून बदलत राहतात. कॅलिब्रेशन फाइलसह मिळणारा, सर्व दिशांनी ऐकणारा मोजणीचा यूएसबी माइक असेल तर उत्तम, नसेल तर तुमचा कंडेन्सर माइकही तुलनेसाठी चालेल. त्याचे निरपेक्ष आकडे खरे धरू नका, पण बदलाच्या आधीचा आणि नंतरचा आलेख यांतला फरक विश्वासार्ह असतो, मात्र त्यासाठी माइकची जागा आणि गेन तसूभरही हलता कामा नये.

ध्वनिमुद्रणाच्या खोलीत स्पीकर नेहमीच्या टेबलावर ठेवून मोजणी करणे ही सर्रास आढळणारी गफलत आहे. इथे आवाजाचा उगम वाचकाचे तोंड आहे. म्हणून स्पीकर वाचकाच्या तोंडाच्या उंचीवर, त्याच्याच जागी ठेवा आणि माइक त्याच्या नेहमीच्या जागी ठेवा. पंखा बंद, मोबाइल बाहेर, माइकजवळ ७५ ते ८० डेसिबल पातळी, आणि २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंत चढत जाणारा पाच-सहा सेकंदांचा स्वर. हा स्वर चढत असताना खोलीतच थांबून कान द्या. लोखंडी कपाटाचे दार, खिडकीची झडप, भिंतीवरची तसबीर यांपैकी काहीतरी एखाद्या वारंवारतेला खडखडते. ती वस्तू शोधून घट्ट करा, कारण वडिलांची तान त्या स्वरावरून गेली की तीच खडखड ध्वनिमुद्रणात येणार आहे.

आलेख पाहताना ३०० हर्ट्झच्या खाली स्मूदिंग (आलेखातले चढउतार सरासरीने गुळगुळीत करणे) पूर्ण बंद ठेवा. एक-तृतीयांश सप्तकाचे स्मूदिंग लावलेला आलेख कोणत्याही खोलीला सुंदर दाखवतो. निनादकाळ, म्हणजे आवाज बंद झाल्यावर त्याची पातळी ६० डेसिबलने उतरायला लागणारा वेळ, २५० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यांत वाचा. एवढ्या लहान खोलीत त्याच्या खाली तो आकडा फारसा अर्थपूर्ण राहत नाही, तिथे वॉटरफॉल आलेख, म्हणजे कोणती वारंवारता किती वेळ रेंगाळते ते दाखवणारा आलेख, पाहावा. वाचनासाठी ०.२ ते ०.३ सेकंद चांगले. अभंग आणि तबल्यासाठी ०.४ पर्यंत गेले तरी मी हरकत घेणार नाही, कारण अगदी कोरड्या खोलीत गाणाऱ्याला स्वतःचा आवाज परत मिळत नाही आणि तो नकळत जोर लावू लागतो. आकड्यापेक्षाही सर्व पट्ट्यांत तो साधारण सारखा असणे महत्त्वाचे आहे. तुमच्या खोलीत ४००० हर्ट्झला ०.२ आणि २५० हर्ट्झला ०.६ असे काही दिसले तर मला नवल वाटणार नाही.

या मोजणीमागे वॉलेस क्लेमेंट सॅबाइन या हार्वर्डच्या प्राध्यापकाचे काम आहे. १८९५ मध्ये तिथल्या फॉग कला संग्रहालयातील व्याख्यानगृह इतके निनादत होते की व्याख्यान समजत नसे. सॅबाइनने ऑर्गनची नळी आणि वेळमापक घेऊन, जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या गाद्या आणून, रात्रीच्या शांततेत किती गाद्यांनी निनाद किती सेकंदांनी घटतो ते मोजले. त्यातून जे सूत्र निघाले ते आजही वापरतात: घनमीटरमधील घनफळाला ०.१६१ ने गुणून एकूण शोषणाने भागले की निनादकाळ मिळतो. तुमच्या खोलीची उंची साडेनऊ फूट धरली तर घनफळ सुमारे ३२.३ घनमीटर होते. ०.६ सेकंद निनादकाळ म्हणजे खोलीत आज आवाज पूर्ण शोषणाऱ्या सुमारे ८.७ चौरस मीटर पृष्ठभागाइतके शोषण आहे. तो ०.३ वर आणायचा तर शोषण दुप्पट करावे लागेल, म्हणजे आणखी ८.७ चौरस मीटर, अर्थात ४ बाय २ फुटांची जवळपास बारा जाड पॅनेल. लहान खोलीत हे सूत्र ढोबळ ठरते, तरीही दोन-चार पॅनेलने खोली बदलेल ही अपेक्षा ते वेळीच दूर करते.

ही पॅनेल विकत घेण्याआधी सॅबाइनची रीत वापरा. घरातल्या कापसाच्या गाद्या आणि जाड गोधड्या एकत्र करा. एक गादी वाचकाच्या पाठीमागे, भिंतीपासून चार बोटे अंतर सोडून उभी करा आणि मोजा. दुसरी बाजूच्या भिंतीशी ठेवा आणि पुन्हा मोजा. एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक मोजणीला जागा व दिनांकासह नाव द्या. ज्या जागी गादीने आलेख आणि कान दोन्ही सुधारतात तिथेच पुढे घनमीटरला ४८ किंवा ६४ किलो घनतेच्या रॉकवूलची (दगडी लोकरीची) दोन इंची पाटी लाकडी चौकटीत, गोणपाटासारख्या हवा खेळू देणाऱ्या कापडात गुंडाळून लावा, आणि मागे पुन्हा दोन इंच पोकळी सोडा. पोकळीला पैसे पडत नाहीत आणि तिच्यामुळे शोषण खालच्या वारंवारतांपर्यंत पोहोचते. रॉकवूल कापताना हातमोजे आणि मास्क वापरा.

पहिल्या परावर्तनांसाठी, म्हणजे भिंत किंवा टेबलावरून आपटून माइककडे सर्वांत आधी परतणाऱ्या आवाजासाठी, त्याच सॉफ्टवेअरमधला ऊर्जा-काळ आलेख उघडा. थेट आवाजानंतरच्या १५-२० मिलिसेकंदांत जे सुळके दिसतील ते थेट आवाजापेक्षा किमान १० डेसिबलने खाली असावेत. एखादा सुळका वर असेल तर तो कुठून आला हे सुतळीने शोधता येते. आवाज मिलिसेकंदाला सुमारे १.१३ फूट जातो, म्हणजे ४ मिलिसेकंदांनंतरचा सुळका साडेचार फूट जास्त प्रवास करून आला आहे. स्पीकर आणि माइक यांच्यामधल्या अंतरात साडेचार फूट मिळवून तेवढी सुतळी कापा, तिची टोके स्पीकरला आणि माइकच्या स्टँडला बांधा आणि मधे बोट घालून सुतळी ताणत चहूकडे फिरवा. ती ज्या पृष्ठभागाला नेमकी टेकेल तो गुन्हेगार. पुष्कळदा ती भिंतीला न टेकता समोरच्या टेबलाला किंवा फरशीला टेकते, आणि मग टेबलावर एक घडी घातलेली गोधडी किंवा पायाखाली जाड सतरंजी एवढ्यावर काम भागते.

आता वडिलांच्या षड्जाकडे येतो. तुमच्या प्रश्नातला सर्वांत उपयोगी पुरावा तोच आहे. दोन समांतर भिंतींच्या अंतरात ज्या तरंगाची अर्धी लांबी नेमकी बसते तो तिथे स्थिर उभा राहतो आणि वाजतच राहतो, यालाच खोलीचा अनुनाद म्हणतात. ५६५ ला फुटांतल्या अंतराने भागले की ती वारंवारता हर्ट्झमध्ये मिळते: १२ फुटांसाठी ४७, १० फुटांसाठी ५६.५ आणि साडेनऊ फूट उंचीसाठी ५९.५. यांच्या दुपटी-तिपटीही तशाच वाजतात. १२ फुटांची तिप्पट १४१ हर्ट्झ होते आणि काळी एकचा षड्ज १३८.६ हर्ट्झचा आहे. खोली वडिलांच्या षड्जाला जवळजवळ जुळलेली आहे, म्हणून ऋषभ आणि गांधार नीट येतात आणि षड्ज फुगतो. हे फोमने जाणार नाही. १४१ हर्ट्झच्या तरंगलांबीचा चौथा भाग दोन फूट होतो, एवढी जाडी कोणी भिंतीवर लावत नाही.

पण जागेने ते जवळजवळ पूर्ण जाते. या तिसऱ्या अनुनादाचा जोर लांबीच्या दिशेने भिंतीशी, मग ४ आणि ८ फुटांवर सर्वाधिक असतो, आणि २, ६ व १० फुटांवर जवळजवळ शून्य. स्पीकर खोलीच्या कोपऱ्यात जमिनीवर ठेवा, कारण कोपऱ्यातून सर्व अनुनाद जागे होतात, आणि त्यावर १४१ हर्ट्झचा सलग स्वर हळू आवाजात लावा. एक कान बोटाने बंद करून लांबीच्या दिशेने सावकाश चाला. चार फुटांपाशी तो स्वर छातीत भरेल आणि सहा फुटांपाशी कोणीतरी बंद केल्यासारखा विरेल. जिथे तो विरतो तिथे चिकटपट्टीने खूण करा, कारण पलंग, कपाट आणि खिडकीमुळे प्रत्यक्ष जागा गणितापासून थोडी सरकलेली असते. वडिलांचे तोंड आणि माइक या खुणेच्या दोन्ही बाजूंना, अर्ध्या-अर्ध्या फुटावर येतील असे बसवा. या जागेवरून गाणाऱ्याला हा अनुनाद चेतवता येत नाही आणि माइकलाही तो ऐकू येत नाही.

इथे एका प्रचलित नियमाशी माझा मतभेद नोंदवतो. लांबीच्या ३८ टक्क्यांवर बसावे आणि मध्यावर कधीही बसू नये, असे सर्रास सांगितले जाते. तो नियम स्पीकरवर मिक्सिंग ऐकण्यासाठी सुरुवातीची जागा म्हणून ठीक आहे. तुमच्या खोलीत ३८ टक्के म्हणजे साडेचार फूट, आणि ती जागा वडिलांच्या षड्जासाठी जवळजवळ सर्वांत वाईट आहे. मध्यावर ९४ हर्ट्झचा दुसरा अनुनाद जोरात असतो हे खरे आहे, परंतु तो मंद्र मध्यमाच्या शेजारी येतो आणि अभंगात वडील तिथे क्वचितच उतरत असतील. तुम्ही वेगळ्या स्वरात गाणाऱ्या कोणाचे ध्वनिमुद्रण कराल तेव्हा हाच हिशेब नव्याने करावा लागेल. त्यासाठी हार्मोनियमवर मंद्र सप्तकापासून सर्व बारा स्वर सारख्या भात्याने एकेक करून ध्वनिमुद्रित करा. जो स्वर इतरांपेक्षा फुगतो किंवा दबतो तो मीटरवर लगेच दिसतो.

प्रत्येक मोजणीसोबत खोलीचे तापमानही लिहून ठेवा. उष्ण हवेत ध्वनी वेगाने जातो. हिवाळ्यातल्या १५ अंशांना तुमचा हा अनुनाद १३९.५ हर्ट्झच्या आसपास असेल आणि एप्रिलमधल्या ३५ अंशांना १४४.५ च्या आसपास. हा फरक साडेतीन टक्क्यांचा, म्हणजे काळी एक आणि पांढरी दोन यांच्यातल्या अंतराच्या निम्म्याहून जास्त आहे. हिवाळ्यात षड्ज अधिक घुमतो आणि उन्हाळ्यात जरा बरा वाटतो, असे वडिलांनी कधी म्हटले असेल तर त्यांच्या कानावर विश्वास ठेवा.

तबल्याबाबत थोडक्यात सांगतो. तुमची रुंदी आणि उंची जवळजवळ सारखी असल्याने ५६.५ आणि ५९.५ हर्ट्झ हे दोन अनुनाद शेजारीशेजारी येतात आणि एकमेकांना बळ देतात. खालच्या सुरातल्या डग्ग्याचा ‘घे’ या प्रदेशाजवळ फिरतो. तबला कोपऱ्यात किंवा भिंतीला लागून कधीही ठेवू नका. भावाला खोलीत चार ठिकाणी बसवून फक्त ‘घे’ वाजवून घ्या आणि वॉटरफॉल आलेखात कोणत्या जागी ५५ ते ६० मधला शेपटा लवकर संपतो ते पाहा.

राहता राहिला आधीच लावलेला फोम. आणखी एकही तुकडा घेऊ नका. माइकच्या पाठीमागच्या भिंतीवरचा आणि दाराजवळचा फोम काढून टाका, म्हणजे वरच्या वारंवारतांचा गेलेला उजाळा थोडा परत येईल. टाळीच्या तपासणीत ज्या दोन भिंतींमध्ये ‘टर्र’ ऐकू येईल त्यांपैकी एकीवरच, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, काढलेले तुकडे दुहेरी करून लावा आणि पुन्हा टाळी वाजवून पाहा. साधा पॉलियुरेथेन फोम फार लवकर पेट घेतो आणि त्याचा धूर विषारी असतो, म्हणून स्विचबोर्ड, एक्स्टेन्शन बोर्ड आणि देवघराच्या समईपासून तो दूर ठेवा, आणि उदबत्तीची तपासणी फोम उतरवल्यानंतरच करा.